घट उठेपर्यंत

त्या सहा दिवसांत मी देवाला जेवढं वाईट बोललो तेवढं आयुष्यात कुणाला बोललो नसेन. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी कुणी मोठा भक्त आहे असा गैरसमज व्हायला नको. आमच्या घरात खंडोबा आहे तो बापजाद्यांपासून. मी त्याच्यापुढं हात जोडायचो ते सवयीनं, जसं आपण ओळखीच्या माणसाला वाटेत रामराम करतो आणि चालायला लागतो. त्या माणसाला खरंच आपल्याशी काही बोलायचं असेल, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

तेव्हा आमच्या औरंगाबादवर निजामाचं राज्य होतं. माझं शिक्षण उर्दू चौथीपर्यंत, मराठी अक्षरं मी पुढं पोथी वाचता वाचता गिरवली, त्यामुळं लिहिण्यात चुका होतील त्या सांभाळून घ्या. धंद्यानं मी गवंडी, पण साधा गवंडी नाही. मी चुन्याची घोटाई करायचो. भिंतीवर चुन्याचा शेवटचा पातळ थर दिला की तो ओला आहे तोवर गुळगुळीत गारगोटीनं घासत राहायचं, घासत राहायचं, इतकं की त्यात आपलं तोंड दिसावं. चुना सुकला की खेळ संपला. मध्ये थांबलात तर थांबल्याची रेघ कायमची राहते. त्यामुळं घोटाईवाला एकदा परांचीवर चढला की जेवणखाण, विडी, सगळं विसरतो. मला ते काम फार मानवायचं, कारण मला बसवतच नाही. माझी आई म्हणायची, ह्याच्या पायात भिंगरी नाही, अंगभर भिंगरी आहे.

गारखेडा तेव्हा शहराबाहेरचं खेडं होतं. तिथल्या शिवारात देवीचं एक लहान देऊळ होतं. गावानं ते दुरुस्त करायला काढलं आणि आतल्या घुमटाची घोटाई माझ्याकडं आली. घुमटाचं काम म्हणजे मान मागं टाकून, हात डोक्यावर ताणून करायचं. असल्या कामाला दोन माणसं लागतात, एक दमला की दुसरा घासतो. पण दोन हातांची चकाकी दोन तऱ्हेची येते, हे मला खपायचं नाही. घुमटाला एकच हात लागला पाहिजे, असं मी सगळ्यांसमोर छाती फुगवून सांगितलं. सोबतचा गवंडी म्हणाला, "येड लागलं का तुला? खांदा गळून पडंल." मी त्याला खाली चुना कालवायला बसवलं. तीन दिवस, रोज घुमटाचा एकेक वेढा पुरा करत, मी उजवा हात डोक्यावरून खाली घेतला तो फक्त झोपायला. अमावास्येला संध्याकाळी घुमट पुरा झाला आणि घरी येऊन मी न जेवता आडवा झालो.

दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातली प्रतिपदा, आमच्या घरी खंडोबाचे घट बसायचा दिवस. चंपाषष्ठीला ते उठतात. त्या वर्षी त्या घटांना नेहमीपेक्षा जास्त वजन होतं. आमची दोन मुलं वर्षाची व्हायच्या आत गेली होती. तिसरी मुलगी झाली तेव्हा माझ्या बायकोनं नवस बोलला होता, की ही पाच वर्षांची होईपर्यंत दरसाल घटाचे सहाही दिवस एकही खोट न येऊ देता पाळीन. मुलगी तिसरं सरून चौथ्यात होती. आमच्या घरची रीत अशी, की घट बसले की घरातलं सगळं तेल देवाच्या दिव्याचं. अंगाला नाही, डोक्याला नाही, फोडणीलासुद्धा नाही. दुसऱ्याच्या घरी जाऊन लावून घेतलं तरी ती खोटच.

पाटावर बसून मी कलश उचलायला गेलो आणि हात उचलेना. दुखत होता असं नाही, जड झाला होता. ओल्या चुन्याचं घमेलं खांद्याला बांधल्यासारखा. मी डाव्या हातानं घट बसवले. दुपारपर्यंत उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत सुजला. कोपराला घडी पडेना. रंगही बदलला, आधी लालसर, मग जांभळट. आणि मग जे दुखायला लागलं ते आतून, हाडाच्या गाभ्यातून.

गल्लीतले लोक बघून गेले. सगळ्यांचं एकच मत पडलं, की शीर चढलीय, चांगलं रगडून काढलं की उतरेल. रगडायचं तर उस्तादकडं जायचं. रोशन दरवाज्याच्या अलीकडं एका ओट्यावर हाडं बसवणारे एक म्हातारे पहेलवान बसायचे, त्यांना सगळं गाव उस्ताद म्हणायचं. उतरलेला खांदा, मुरगळलेला पाय, चढलेली शीर, काहीही असो, ते कोमट तेलाची वाटी घेऊन असं दाबून रगडायचे की माणूस रडत जायचा आणि हसत यायचा. माझाच पाय त्यांनी दोनदा बरा केला होता.

मी उठून पायात जोडा घालू लागलो. बायको दारात उभी राहिली.

"कुठं निघालात?"

"उस्तादकडं."

"तेल लावत्यात ते."

"मग काय पाणी लावू?"

तिनं देव्हाऱ्याकडं बघितलं, मग खाली खेळणाऱ्या मुलीकडं बघितलं. म्हणाली, "सहा दिस. फकस्त सहा दिस कळ काढा. मी पाया पडते तुमच्या."

मी जोडा काढून ठेवला. पण माझ्या मनात जे आलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. देवीच्या देवळात हात गेला आणि खंडोबाच्या घरात औषध अडलं. मला वाटलं, ह्या देवांनी आपसात ठरवून मला मध्ये घेतलंय.

पुढचे दिवस कसे गेले ते मलाच माहीत. झोपलो तर हात ठणकायचा, बसलो तर जड व्हायचा, उभा राहिलो तर खाली लोंबून आणखी काळानिळा व्हायचा. मी घरातल्या घरात फेऱ्या मारायचो. चुलीपासून दारापर्यंत, दारापासून चुलीपर्यंत. बाहेर पडून गुलमंडीपर्यंत जायचो, कापडाच्या दुकानांसमोर उगाच उभा राहायचो, कुणी "काय झालं हाताला" विचारलं की चिडून परत यायचो. मुलगी जवळ आली की तिला लांब कर म्हणायचो. बायको गरम पाण्यात फडकं पिळून शेकायची आणि मी तिच्या प्रत्येक वागण्यात खोड काढायचो. तिचं गप्प बसणंच मला जास्त टोचायचं. मला वाटायचं, हिची श्रद्धा दगडासारखी आहे आणि त्या दगडाखाली माझा हात चेंगरलाय.

चौथ्या दिवशी माझा तोल सुटला. मी तिला म्हणालो, "तुला देव पाहिजे का नवरा, एकदाचं सांगून टाक. हात गेला तर गवंड्यानं काय भीक मागायची का?" ती देव्हाऱ्यासमोर वाती वळत होती. तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी पडलं, पण वाती वळणं थांबलं नाही. मी तिरीमिरीत बाहेर पडलो. आता देव गेला खड्ड्यात, सरळ उस्तादच्या ओट्यावर जाऊन बसायचं, असं ठरवून निघालो. गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. तिथं आमची मुलगी दुसऱ्या पोरींबरोबर खेळत होती. मला बघून तिनं मातीनं भरलेले दोन्ही हात वर केले, उचलून घे म्हणून. मला उचलता येईना. मी तिथंच तिच्याजवळ बसलो आणि मला आमच्या आधीच्या दोन लेकरांची आठवण आली. भक्तीनं नाही, निव्वळ भीतीनं मी परत फिरलो. हे मी कबूल करतो. पण पावलं मागं वळली तरी मनानं त्या दिवशी मी व्रत मोडूनच टाकलं होतं. घरी येऊन देव्हाऱ्याकडं पाठ करून बसलो.

पाचव्या दिवशी दुपारी थकव्यानं मला जरा डोळा लागला. उठलो तेव्हा बायको नुकतीच बाहेरून आल्यासारखी दिसली, पदरानं तोंड पुसत होती. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

चंपाषष्ठीला घट उठले. तळी उचलली, भंडारा उधळला, भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला. "येळकोट येळकोट" म्हणताना माझ्या तोंडून आवाज निघत नव्हता. शेवटचा भंडारा कपाळाला लागला न लागला तोच मी म्हणालो, "झालं का तुमच्या देवाचं? आता चला." टांगा करून आम्ही उस्तादच्या ओट्यावर गेलो. तेलाची वाटी त्यांच्या बाजूलाच होती. मी बायकोला माझा सदरा काढायला लावला आणि डोळे मिटून घेतले, म्हटलं आता काय रगडायचं ते रगडा.

पण हात लागला तो अगदी हलका. मी डोळे उघडले. उस्ताद माझ्या खांद्याकडं आणि छातीकडं बघत होते. सहा दिवसांत तिथं निळ्या शिरांचं जाळं उठलं होतं, पहिल्या दिवशी ते नव्हतं. त्यांनी दोन्ही हातांची बोटं शेजारी धरून बघितली, गरम गार बघितलं. मग वाटी बाजूला सरकवली.

"ये हड्डी का काम नै, नक्को," ते म्हणाले. "ह्याला मी हात नाय लावत. दवाखान्यात चला. मी येतो संगं."

मला असा राग आला की विचारू नका. सहा दिवस ज्या तेलासाठी तळमळलो ते समोर आणि हा माणूस म्हणतो नक्को. मी म्हणालो, "उस्ताद, पहिल्याच रोजी आलो असतो तर?" त्यांनी क्षणभर माझ्या बायकोकडं बघितलं. म्हणाले, "पहिल्या रोजी ह्या शिरा कुठं व्हत्या? रगडून टाकला असता मी, दाबून." आणि स्वतःच टांग्यात चढून बसले.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पुष्कळ वेळ तपासलं. काय काम करतोस, हात कसा धरतोस, किती वेळ धरतोस, असं सगळं विचारलं. घुमट कसा घोटला ते मी डावा हात हवेत धरून दाखवलं. मग त्यांनी समजावून सांगितलं. हात सारखा वर ताणून राबवल्यानं काखेजवळची रक्ताची मोठी नस चेपली, घासली गेली आणि तिच्यात रक्त गोठून गुठळी झाली. रक्त हातात जातंय, पण परत यायची वाट बंद झालीय. म्हणून सूज, म्हणून हा रंग. छातीवरच्या शिरा म्हणजे रक्तानं आपली दुसरी वाट काढायला घेतलीय.

"कुणी चोळलं-बिळलं नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही," बायको म्हणाली.

"नशीब समजा. ताजी गुठळी असते. जोरात रगडलं तर तिचा तुकडा सुटून रक्ताबरोबर फुप्फुसात जाऊ शकतो. मग माणूस उभ्या उभ्या जातो. प्रत्येक वेळी जातो असं नाही, पण मी गेलेले बघितलेत."

उस्ताद भिंतीला टेकून उभे होते. नुसते आपल्या दोन्ही तळव्यांकडं बघत राहिले. ज्या सहा दिवसांबद्दल मी देवाला लाखोली वाहिली, ते सहा दिवस माझ्या आणि मरणाच्या मध्ये उभे होते. डॉक्टर म्हणाले तसं, चोळलं असतं तर कदाचित काहीच झालं नसतं. कुणी सांगावं. मला त्यावर वाद घालायचा नाही. मला एवढंच ठाऊक आहे, की उस्तादचा हात कसा पडतो ते माझ्या पायाला दोनदा कळलेलं होतं.

औषध म्हणाल तर खास काही नव्हतं. हात उंच ठेवायचा आणि स्वस्थ पडायचं, बस्स. बायकोनं जुन्या लुगड्याची झोळी करून ती तुळईला बांधली आणि माझा हात त्यात अडकवला. ज्याला घटकाभर बसवत नाही त्याला दोन महिने असं टांगून ठेवलं. पहिले आठ दिवस मी सुटायला धडपडलो. अंगाला मुंग्या यायच्या, पाय आपोआप हलायचे, भिंतीवरचा पोपडा दिसला तरी उठून घोटावासा वाटायचा. मग कधीतरी धडपड कमी झाली. मी काही करत नव्हतो आणि तरी रोज हाताची सूज सुतभर उतरत होती. बोटांचा रंग परत येत होता. आतल्या आत ते रक्त आपली नवी वाट शोधत होतं, माझ्या मदतीशिवाय. जन्मभर मला वाटायचं, मी हात चालवला नाही तर जगात काही घडणार नाही. ते टांगलेल्या अवस्थेत प्रथमच मनातून निघालं. समोरच्या देव्हाऱ्याकडं मी पाठ करू शकत नव्हतो, झोळीचं तोंडच तिकडं होतं. बघता बघता मी त्याच्याशी बोलायला लागलो. शिव्या न देता.

अशात एकदा माझे साडू बिडकीनहून मला बघायला आले. मी त्यांना सगळी हकीकत रंगवून सांगितली. शेवटी म्हणालो, "मी तर नास्तिकासारखा वागलो, पण हिची निष्ठा बघा. माझ्या शिव्या खाल्ल्या, पण तेलाचा थेंब लागू दिला नाही. हिच्या भक्तीनं मी वाचलो." साडूंनी बायकोला हात जोडले. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. थापता थापता थांबली आणि म्हणाली, "तसं नका बोलू. मला सोसत नाय."

साडू गेल्यावर ती माझ्या उशाशी येऊन बसली.

"पाचव्या दिशी तुमचा डोळा लागला व्हता. तुमची बोटं बघितली, काळी पडाया लागली व्हती. मग माझ्यानं ऱ्हावलं नाय. मी उस्तादकडं गेले. म्हनलं, चला, तुमची वाटी घेऊन चला, देवाचं माझं मी बघून घेईन."

मी म्हणालो, "आणि नवस? पोरगी?"

"पोरगी त्यानंच दिली. न्यायची तर त्यो नेईल, असं म्हनले मनात. आई असून म्हनले." डोळे पुसून म्हणाली, "त्यांनी इचारलं, घट उठले का? मी म्हनलं, नाय. नवसाचंबी सांगितलं. तर म्हनले, भाबी, मग मी बिल्कुल नाय येत. आज तुम्ही घाबरून आलात. उद्या पोरीला सादा ताप जरी आला, तर तुम्ही उमरभर सोताला माफ करणार नाय. एक रोज सबर करा. मी लई रडले, त्यांच्या पायाला हात लावला. ते उठून आतच गेले."

तिला वाटत होतं मी रागावेन. मला राग आला नाही. मी झोळीत हात टाकून पडलो होतो आणि एकेक गोष्ट उलगडत होती. चौथ्या दिवशी मी व्रत मनातून टाकलं. पाचव्या दिवशी तिनं टाकलं, आणि टाकताना लेकीचा जीवही पणाला लावला, माझ्यासाठी. आमच्या घरात त्या दुपारी देवाचा शब्द धरून ठेवणारं कुणीही नव्हतं. घटापुढं दिवा तेवढा जळत होता. आणि तो शब्द राखला त्या माणसानं, ज्याच्या घरी घट बसत नाहीत. मी डाव्या हातानं बायकोचा हात धरला. आम्ही दोघंही पुष्कळ रडलो आणि मुलगी आमच्याकडं टकमक बघत राहिली.

हात बरा झाला, पण डोक्यावर ताणायचं काम डॉक्टरांनी कायमचं बंद केलं. पुढं मी ओटे, जमिनी, खालच्या भिंती अशी कामं घेतली. घुमट दुसऱ्यांनी घोटले आणि चांगले घोटले. मुलगी पाच वर्षांची झाली, सहाची झाली, आज तिला नातवंडं आहेत.

झोळी सुटल्यावर मी पहिल्यांदा बाहेर पडलो तो उस्तादच्या ओट्याकडं. ते कुणाचा तरी गुडघा रगडत होते. मी त्यांच्या पायाशी बसलो आणि म्हणालो, "उस्ताद, तुमच्यामुळं जगलो." त्यांनी मान वर केली नाही.

"मी काय केलं? मी फक्त आलो नाय," ते म्हणाले आणि पुन्हा गुडघ्याकडं वळले.

त्या एका वाक्यावर मी आज इतकी वर्षं जगतोय. खंडोबाचे उपकार मानायला बसलो की मला तेच आठवतं. माझा स्वभाव काही फार सुधारला नाही. एखादं काम अडलं, वाट बघून माणूस आला नाही, दार उघडलं नाही, की मी आजही आधी चडफडतो. मग जरा वेळानं हात खाली घेतो आणि गप्प बसतो.